सिल्चेस्टरच्या रोमन तटाभोवती पळणं : रेडिंग-बेसिंगस्टोककडचं कोणी येतंय का?

चिखलपाय

नमस्कार मंडळी. रेडिंग, बेसिंगस्टोक, ब्रॅकनेल या पट्ट्यात आपली पुष्कळ माणसं आहेत, आणि त्यातली निम्मी दर रविवारी थेम्सच्या काठाने सरळ सपाट डांबरावरून पळत असतात. मीही चार वर्षं तेच केलं. गुडघा कुरकुरायला लागला तेव्हा एका सहकाऱ्याने सांगितलं, मातीवर पळ. मग नकाशा काढला आणि घरापासून वीस मिनिटांवर एक अख्खं रोमन शहर सापडलं. त्यात आज राहायला कोणी नाही, तिकीट नाही, दरवाजा नाही. त्याच्याभोवती पळण्याबद्दल हा धागा.

गावाचं नाव सिल्चेस्टर. रोमन लोक त्याला कल्लेवा अत्रेबातुम म्हणत. अत्रेबाती ही तिथली टोळी. कल्लेवाचा अर्थ रानातलं गाव असा काहीसा लावतात. रोमनांनी इ. स. ४३ मध्ये ब्रिटन घ्यायच्या आधीपासून हे टोळीचं मोठं ठाणं होतं, त्यांच्या राजाच्या नाण्यांवर 'कल्ले' अशी अक्षरं आहेत. पुढे रोमनांनी आखीव चौकटीचे रस्ते पाडले, मधोमध बाजारपेठ आणि कचेरी बांधली, आणि शहर चारेक शतकं नांदलं. नंतर पाचव्या ते सातव्या शतकाच्या दरम्यान केव्हातरी माणसं निघून गेली.

लंडन, बाथ, यॉर्क अशा बहुतेक रोमन शहरांच्या डोक्यावर पुढची शहरं बसली. इथे कोणी बसलंच नाही. आज आत गवत आहे, गाई आहेत आणि पूर्वेच्या कोपऱ्यात बाराव्या शतकातलं एक छोटं चर्च आहे. भोवती सुमारे २.४ किलोमीटरचा तट मात्र जवळजवळ पूर्ण उभा आहे.

माझा फेरा असा. मॉर्टिमर स्टेशनवर उतरायचं (रेडिंग-बेसिंगस्टोक लाइन, लहानसं विटांचं स्टेशन, ब्रुनेलच्या काळातलं). तिथून फाउड्री ब्रूक नावाच्या ओढ्याच्या बाजूने, मग शेतांतून सिल्चेस्टरच्या चर्चपर्यंत. तटाला एक पूर्ण वळसा. तिथून पश्चिमेला निघून आताचं सिल्चेस्टर गाव आणि त्याचं माळरान, मग पॅम्बर फॉरेस्ट नावाचं जुनं ओकचं रान, तिथून लिटल लंडन नावाच्या वस्तीकडून पुन्हा तटाच्या दक्षिण दरवाजाशी, आणि आल्या वाटेने स्टेशन. माझ्या घड्याळात साधारण १९ किमी भरतात. एवढं नको असेल तर वॉल लेनवर गाडी लावायची मोफत जागा आहे. तिथून नुसता तट, रंगभूमी (तटाबाहेरचा रोमन खेळांचा लंबगोल आखाडा) आणि माळरान केलं तरी सातेक किमी होतात.

चढ म्हणावा असा कुठेच नाही. आपण साताऱ्याची माणसं, इथल्या लोकांना 'हिल' कशाला म्हणतात ते बघून हसू येतं. पण चिखल! नोव्हेंबर ते मार्च इथली चिकणमाती बुटाला अशी धरते की घरी येताना अर्धं हॅम्पशायर सोबत असतं.

कोणी येणार असेल तर सांगा. वेग फार नाही, किलोमीटरला सात-साडेसात मिनिटं, मध्ये थांबत.

---

ढगाळ_हवा

मी येते! पण १९ नको, सातच. आणि गाई म्हणालात, त्या कुंपणाच्या आत असतात की वाटेवर?

---

चिखलपाय

@ढगाळ_हवा, वाट कुंपणाच्या आतूनच जाते. म्हणजे गाई वाटेवर. :)

---

गडवेडा

छान आहे, पण एक प्रामाणिक प्रश्न. पळत पळत अवशेष काय कप्पाळ बघणार? आमच्याकडे सिंहगडावर पहाटे घड्याळं लावून पळत चढणारी मंडळी असतात. कल्याण दरवाजा कुठल्या बाजूला आहे विचारलं तर सांगता येत नाही, पण ३८ मिनिटांत चढलो हे तोंडपाठ. तट ही बघायची गोष्ट आहे, मागे टाकायची नाही. राग मानू नका.

---

चिखलपाय

@गडवेडा, राग कसला, मीही आधी असंच म्हणत होतो.

पण सिल्चेस्टरची गंमत ऐका. इथे बघण्यासारखं फारसं नाहीच. खांब नाहीत, मोझेक नाहीत. जे निघालं ते रेडिंगच्या संग्रहालयात गेलं आणि खणलेलं सगळं पुन्हा मातीने बुजवलं. गाडीने येणारे लोक रंगभूमी बघतात, तटाजवळ फोटो काढतात आणि "एवढंच?" म्हणून वीस मिनिटांत परत जातात. मीही पहिल्यांदा बायकोबरोबर आलो तेव्हा तेच केलं होतं. ती अजून चिडवते की रिकामं शेत दाखवायला नेलं होतंस.

पळायला लागल्यावर कळलं की इथे बघायची गोष्ट म्हणजे आकार. तट अनेक कोनांचा, वेडावाकडा आहे. पश्चिम दरवाजापासून निघालो की दक्षिणेकडे बराच वेळ उजव्या हाताला शेत, डाव्या हाताला तट. दम लागायला लागतो, आणि तेव्हा डोक्यात शिरतं की हे सगळं डावीकडचं रिकामं गवत म्हणजे शहर होतं. इथे गल्ल्या होत्या, स्वयंपाकघरं होती, सांडपाणी होतं. पायांनी मोजल्याशिवाय ते मला कधी मोठं वाटलंच नव्हतं. चालूनही कळेल म्हणा. पण चालणारे लोक अख्खा वळसा घालत नाहीत, पळणारे घालतात. आम्हाला आकडा पुरा करायचा असतो ना.

---

गडवेडा

हे पटलं. अर्धं.

---

अप्पा_बेसिंगस्टोक

नमस्कार. मी मुलीकडे सहा महिन्यांसाठी आलो आहे. सार्वजनिक बांधकाम खात्यातून निवृत्त, वय ६८. पळणं माझ्याच्याने होणार नाही, पण तटाबद्दल विचारायचं आहे. तो कशाचा बांधलेला आहे? उंची किती, रुंदी किती? चुन्याचा आहे का? चिरंजीव चिखलपाय यांनी 'उभा आहे' एवढंच लिहिलं आहे. आमच्या खात्यात असा अहवाल कोणी दिला असता तर परत पाठवला असता.

---

चिखलपाय

@अप्पा, हा हा, मान्य. दक्षिणेकडचा भाग सगळ्यांत चांगला, तिथे साडेचार मीटरपर्यंत उंच आहे. चकमकीच्या दगडाचा, चुन्यातला. आधी मातीचा बांध होता, दुसऱ्या शतकाच्या शेवटी घातलेला. मग तिसऱ्या शतकाच्या उत्तरार्धात त्याच्या पुढ्यात दगडी भिंत चढवली. म्हणून आतल्या बाजूने बांध अजून दिसतो आणि बाहेरच्या बाजूने भिंत. बाकी मला कळत नाही, तुम्ही या आणि अहवाल लिहा.

---

मृणाल_हॅम्पशायर

मी गेली नऊ वर्षं या भागात पळते आणि माझी या विषयावरची पीएचडी चिखल, गाई आणि गोचीड यांत आहे. नवीन लोकांसाठी लिहिते.

ढगाळ_हवा, गाईंचं घाबरू नका, पण थट्टाही करू नका. मे-जूनमध्ये वासरं असतात. गाय आणि वासरू यांच्या मधून कधीच जायचं नाही. लांबून वळसा घालायचा, आणि कळपाजवळ पळायचं नाही, चालायचं. कोवळी खोंडं नुसत्या कुतूहलाने मागे धावत येतात. पहिल्यांदा माझ्यामागे बारा-पंधरा आली तेव्हा मी आयुष्यातला सगळ्यांत वेगवान किलोमीटर पळाले. नंतर एका शेतकरणीने सांगितलं, उभी राहा, हात पसर, तीही उभी राहतात. आणि खरंच राहतात. कुत्रा सोबत असेल आणि गाय अंगावर आलीच तर कुत्र्याचा पट्टा सोडून द्यायचा, तो त्याचं बघून घेतो.

वाटांवरचे बाण बघायला शिका. पिवळा बाण म्हणजे पायवाट. निळा म्हणजे घोडे आणि सायकलींनाही मुभा असलेली वाट, म्हणजे हिवाळ्यात तिथे खुरांनी लापशी केलेली असते. वाट शेताच्या मधून गेली तरी तो तुमचा हक्क आहे, बिचकायचं नाही. पण फाटक जसं होतं तसंच ठेवायचं. उघडं होतं तर उघडं, बंद होतं तर बंद. उघडं बघून 'मदत' म्हणून बंद केलं तर गुरांचा पाण्याचा रस्ता तोडलेला असतो.

जून ते ऑगस्ट नेटल (अंगाला लागलं की आग होणारी झुडपं) आणि ब्लॅकबेरीचे काटे कमरेएवढे वाढतात, लांब पँट किंवा लांब मोजे घाला. पॅम्बर फॉरेस्टमध्ये गोचीड आहेत. घरी आल्यावर गुडघ्यामागे, जांघेत, काखेत बघायचं. चिकटलेली असेल तर बारीक चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढायची, तेल, रॉकेल, काडी असले घरगुती उद्योग करायचे नाहीत. नंतर गोल पसरत जाणारा लाल चट्टा दिसला तर थेट डॉक्टर, लाइम रोग असू शकतो.

बूट: खोल दातांचे. रस्त्याचे बूट घालून हिवाळ्यात आलात तर मी तुमचे फोटो काढीन.

---

ढगाळ_हवा

आता मला गाईंची नाही, गोचिडांची भीती वाटतेय. :(

---

सातारी_पळपुटा

बूट किती दातांचे? चार मिलिमीटर पुरतील का? माझ्याकडे सातारा हिल मॅरेथॉनसाठी घेतलेले रस्त्याचेच आहेत, यवतेश्वरचा घाट डांबरीच असल्याने तिथे दाताबिताची गरजच पडली नाही.

---

मृणाल_हॅम्पशायर

उन्हाळ्यात चार चालतील. जानेवारीत सहा हवेत, आणि तरी पडशील.

---

इतिहासाचा_किडा

धागा वाचून राहवलं नाही. चिखलपाय तुमच्या फेऱ्यात मॉर्टिमर स्टेशनपासून थोडं पूर्वेला स्ट्रॅटफील्ड से नावाची इस्टेट आहे. ती कोणाची? ड्यूक ऑफ वेलिंग्टनची. म्हणजे आपल्या आसईच्या लढाईतला आर्थर वेलस्ली. १२ ऑगस्ट १८०३ ला अहमदनगरचा किल्ला घेतला, २३ सप्टेंबरला जालना जिल्ह्यातल्या आसईला शिंदे-भोसल्यांच्या फौजेशी लढला, तोच.

आणि सिल्चेस्टरची जमीन याच घराण्याच्या ताब्यात होती. दुसऱ्या ड्यूकच्या काळात स्ट्रॅटफील्ड सेचे पाद्री रेव्हरंड जॉयस यांनी १८६४ पासून तिथे खणायला सुरुवात केली. १८६६ मध्ये बाजारचौकाच्या कचेरीत त्यांना जळक्या थरात एक काशाचा गरुड सापडला. पंख नाहीत, पण मान वळवून असा बघतो की काही विचारू नका. जॉयस यांना वाटलं, रोमन पलटणीचा ध्वजगरुड! त्यांनी त्यावर मोठी नाट्यमय गोष्ट रचली, पळत्या सैनिकाने छपराच्या तुळयांत लपवला वगैरे. आता अभ्यासक म्हणतात, तो मोठ्या पुतळ्याचा भाग असावा, बहुधा ज्युपिटर देवाच्या किंवा सम्राटाच्या. पायांत गोल धरलेला असणार. रेडिंगच्या संग्रहालयात आहे, टाउन हॉलच्या इमारतीत.

---

गडवेडा

म्हणजे आपल्याकडून लुटलेल्या पैशातून इस्टेट घेतली आणि तिथे गरुड खणला. छान.

---

इतिहासाचा_किडा

@गडवेडा, नाही, इथे घसरू नका. स्ट्रॅटफील्ड से १८१७ मध्ये घेतली, वॉटर्लूनंतर पार्लमेंटने मंजूर केलेल्या पैशातून. भारतातल्या मोहिमांत त्याला लुटीचा वाटा मिळाला होता हे खरं, पण ही खरेदी त्यातली नाही. राग धरायचा तर नेमक्या ठिकाणी धरावा. त्याच्या घोड्याचं, कोपनहेगनचं, थडगंही त्या इस्टेटीत आहे. वॉटर्लूचा घोडा. आसईच्या दिवशी त्याच्याखालचे दोन घोडे पडले, त्यांची थडगी मात्र मी कुठे ऐकली नाहीत.

---

जालनेकर

आसई आमच्या मामाच्या गावापासून जवळ. शाळेतून सहलीला नेलं होतं तेव्हा कैलना नदी गुडघाभर होती आणि गुरुजी म्हणाले होते, इथून इंग्रज पार झाले. आता इंग्लंडमध्ये त्याच माणसाच्या घराजवळून चिखल तुडवत जायचं. येतो मी. रविवारी ना?

---

चिखलपाय

@जालनेकर, या की! @इतिहासाचा_किडा, वेलिंग्टनचं मला माहीतच नव्हतं, सात वर्षं तिथल्या पाटीखालून पळतोय. अजून लिहा.

---

इतिहासाचा_किडा

लिहितो, आवडीचाच विषय.

तुमच्या फेऱ्यातलं लिटल लंडन. नाव वाचून हसू येतं, चार घरांची वस्ती. पण तिथे रोमनांच्या कौलं-विटांची भट्टी होती. सिल्चेस्टरमध्ये नीरो सम्राटाच्या शिक्क्याच्या विटा सापडल्या होत्या आणि त्या कुठून आल्या हे कोडं होतं. रेडिंग विद्यापीठाच्या मंडळींनी लिटल लंडनला खणून शिक्क्यासकट भट्टी शोधली. नीरो मेला ६८ मध्ये, म्हणजे रोमनांनी ब्रिटन घेऊन पंचवीस वर्षं होत नाहीत तोच सम्राटाच्या नावाने इथे वीट भाजली जात होती.

मला मात्र शिक्क्यांपेक्षा दुसऱ्या खुणा आवडतात. कौलं वाळत घातलेली असताना कुत्री त्यावरून गेली. पंजे उमटले, कौलं तशीच भाजली, छपरावर चढली. त्यातली काही आता संग्रहालयात. आपल्याकडे अंगणात कुरडया वाळत घातल्यावर जे होतं तेच. आणि एका पोकळ विटेवर कारागिराने ओल्या मातीत बोटाने लिहून ठेवलंय, 'क्लेमेंटिनुसने ही वीट केली'. भिंतीच्या आत, गिलाव्याखाली जाणारी वीट, कोणाला दिसणारही नाही. तरी लिहिलं.

खोदकामाबद्दलही सांगतो, कारण चिखलपाय म्हणतात ते 'रिकामं शेत' पूर्ण रिकामं नाही. १८९० ते १९०९ एका विद्वत्सभेने अख्खं शहर चर खणत चाळून काढलं आणि संपूर्ण नकाशा काढला. ब्रिटनमधल्या रोमन शहरांत असा सबंध नकाशा क्वचितच मिळतो. पण त्यांना फक्त दगडी पाये दिसले. लाकडी घरं, चुली, विहिरींतला गाळ हे सगळं त्यांच्या चरांमधून निसटलं. मग १९९७ पासून २०१४ पर्यंत दर उन्हाळ्यात रेडिंग विद्यापीठाने उत्तरेकडच्या एकाच चौकात, इन्सुला नऊमध्ये, थराथराने पुन्हा खणलं. अठरा उन्हाळे, एक चौक! त्या चौकातल्या जुन्या विहिरीतून, रोमन यायच्या आधीच्या थरातून, ऑलिव्हची आठोळी निघाली आणि धणे, शेपू, सेलरीचं बी. म्हणजे रोमन सैन्य यायच्या आधी रोमन चव आली होती.

---

ढगाळ_हवा

धणे!! इंग्लंडमध्ये दोन हजार वर्षांपूर्वी धणे होते आणि आमच्या ऑफिसात कोथिंबिरीला अजून नाकं मुरडतात.

---

कोल्हापुरी_मिरची

उलट बाजूही आहे ना. कोल्हापुरात ब्रह्मपुरी टेकडीवर १९४० च्या दशकात रोमन वस्तू निघाल्या, त्यात पोसायडनचा, म्हणजे ग्रीक समुद्रदेवाचा, छोटा काशाचा पुतळा. टाउन हॉलच्या संग्रहालयात आहे. लहानपणी बाबांबरोबर बघितलाय, त्रिशूळ हरवलेला. इकडे गरुडाचे पंख हरवले, तिकडे त्रिशूळ.

---

इतिहासाचा_किडा

@कोल्हापुरी_मिरची, बरोबर. आणि दोन्हीकडे हात असलेला एक माणूस आहे, मॉर्टिमर व्हीलर (तुमच्या स्टेशनशी नावापलीकडे संबंध नाही). सिल्चेस्टरच्या एका शेतात १७८५ मध्ये नांगरताना सोन्याची जाड अंगठी सापडली होती, तिच्यावर सेनिकियानुसचं नाव. पुढे दूर ग्लॉस्टरशरमध्ये लिडनी इथल्या देवळात शिशाची पट्टी मिळाली. सिल्वियानुस नावाच्या माणसाने लिहिलंय, माझी अंगठी हरवली, सेनिकियानुस नावाच्यांपैकी कोणाला आरोग्य लाभू देऊ नकोस. १९२८-२९ मध्ये लिडनीला खणणाऱ्या व्हीलरच्या डोक्यात या दोन्हींची गाठ पडली. हाच व्हीलर १९४४ मध्ये भारतीय पुरातत्त्व खात्याचा प्रमुख म्हणून आला आणि पुदुच्चेरीजवळ अरिकमेडूला त्याने रोमन भांडी खणली.

अंगठी बघायची तर बेसिंगस्टोकजवळ 'द वाइन' नावाच्या जुन्या वाड्यात आहे. तिच्यावर नाव सेनिकियानुसचं आहे, पण त्याला शाप लागला की नाही ते समजायला मार्ग नाही.

---

सातारी_पळपुटा

एक कबुली. मी मागच्या महिन्यात एकटाच जाऊन आलो (हो, चार मिलिमीटरचे बूट घेतले, हो, पडलो). चिचुंद्रीने, म्हणजे इथल्या मोलने, उकरलेल्या ढिगात लाल कौलाचा एक तुकडा दिसला. तळहाताएवढा. खिशात घातला. आता माझ्या टेबलावर आहे आणि हे सगळं वाचून तो माझ्याकडे बघतोय.

---

मृणाल_हॅम्पशायर

परत ठेवून ये.

---

इतिहासाचा_किडा

परत ठेवून या, आणि जमेल तितकं जिथून उचलला तिथेच. तुकड्याला स्वतःची किंमत नाही, तो कुठल्या ढिगात होता याला आहे. शिवाय हे संरक्षित स्मारक आहे. १९७९ च्या कायद्याने इथे परवानगीशिवाय खणणं गुन्हा आहे, आणि धातुशोधक यंत्र घेऊन फिरणंही. ढिगातला तुकडा उचलला म्हणून कोणी तुम्हाला धरणार नाही, पण दर रविवारी प्रत्येकाने एकेक नेला तर चिचुंद्र्या बिचाऱ्या किती उकरणार.

---

सातारी_पळपुटा

ठेवून येतो. रविवारीच. साक्षीदार असतीलच.

---

चिखलपाय

विषय निघालाच आहे म्हणून एक विनंती, माझ्यासकट सगळ्यांना. तटाच्या दगडी भागावर चढून पळायचं नाही. मोह होतो, फोटो मस्त येतात. वाट मातीच्या बांधावरून जाते तिथे चाला, ओलं असताना तर चालाच, बुटांच्या दातांनी माती निसटते. रंगभूमीच्या बांधांवरून उड्या मारायच्या नाहीत. मी पहिल्या वर्षी तिथे चढ-उतारांचा सराव करायचो, आठ-आठ वेळा. एका बाईंनी कुत्रा फिरवताना थांबवून अगदी गोड आवाजात विचारलं, "तुमच्याकडच्या देवळाच्या पायऱ्यांवरही करता का हो हे?" त्यानंतर केलं नाही.

रंगभूमी म्हणजे तटाच्या बाहेर, ईशान्येला. पहिल्या शतकात मातीचे बांध आणि लाकूड अशी बांधली, तिसऱ्यात दगड आला. आता चहूबाजूंनी झाडं उगवलेली, मध्ये लंबगोल गवत. आत शिरलो की रस्त्याचा आवाज बंद होतो. मी तिथे पाणी पितो, केळं खातो. काही हजार माणसं बसून जनावरांना मरताना बघत होती तिथे.

---

गडवेडा

एक विचारू? दुष्काळात रस्ते दिसतात म्हणतात ते खरं का?

---

चिखलपाय

@गडवेडा, खरं. कोरड्या उन्हाळ्यात जमिनीखाली जुना रस्ता किंवा पाया असेल तिथे माती उथळ, म्हणून गवत आधी पिवळं पडतं. विमानातून अख्खी चौकट दिसते. जमिनीवरून मला एकदाच दिसलं, जुलैअखेर, संध्याकाळी ऊन तिरपं असताना. चर्चकडून पश्चिमेला सरळ एक फिकट पट्टा गेला होता, रस्त्याएवढा रुंद. त्याच्यावरून पळत गेलो. पश्चिम दरवाजापाशी निघालो बरोबर.

---

गडवेडा

आता पूर्ण पटलं. पुढच्या वर्षी लेकाकडे येणार आहे मँचेस्टरला. जुलैत तिकीट काढतो.

---

चिखलपाय

तर रविवारचा बेत. मॉर्टिमर स्टेशन, सकाळी साडेनऊ. लांबवाले पुढे, सातवाले वॉल लेनच्या गाडीतळावर साडेदहाला. ढगाळ_हवा, जालनेकर, पळपुटा (तुकड्यासह), मृणालताई. संपल्यावर माळरानाशेजारी पब आहे, पण मृणालताईंनी थालीपिठं आणायचं कबूल केल्याने पबला फक्त चहाला जाऊ.

---

मृणाल_हॅम्पशायर

कबूल कधी केलं? ... बरं. लोणी कोणीतरी आणा.

---

अप्पा_बेसिंगस्टोक

नमस्कार. मी काल जाऊन आलो. मुलीने गाडीने सोडलं आणि ती जवळच कुठेतरी कामाला गेली, त्यामुळे मला तीन तास मिळाले. अख्खा तट चाललो, माझ्या ३,६१० पावलांत. म्हणजे पावलाला ६६ सेंटिमीटर, ते माझ्या वयाला धरून बरोबर आहे.

अहवाल देतो. चकमकीचा दगड हा गोटा असतो, बटाट्यासारखा, त्याला सपाट बाजू नाही. नुसत्या गोट्यांची भिंत चुन्यात उंच नेली तर खालचा चुना सुकायच्या आत वरचं वजन सरकतं. म्हणून त्यांनी ठरावीक उंचीवर चपट्या दगडांचा एक सलग थर घातला आहे. तो बाहेरून आणलेला दिसतो, या भागात तसा दगड मला दिसला नाही. एका दिवसाचं काम तिथे थांबवायचं, पातळी धरायची, दुसऱ्या दिवशी पुढे. दक्षिणेच्या बाजूला हे थर स्पष्ट मोजता येतात. चिखलपाय यांच्या एवढ्या फेऱ्यांत ते नजरेला आले नसावेत, कारण त्यांनी त्याबद्दल काही लिहिलं नाही.

दुसरं. आपण बघतो तो तटाचा चेहरा नाही. बाहेरची तोंडाची चिणाई लोकांनी नंतर काढून नेली आहे, शेजारच्या बांधकामांना वापरली असणार. दिसतं ते पोट. त्यामुळे मूळ भिंत दिसते त्याहून जाड होती. गडवेडा यांना विनंती, येताना हे बघावे.

रंगभूमीत बसून डबा खाल्ला. तिथे एक तरुण मुलगी बांधाभोवती पळत होती, तिने मला विचारलं, सगळं ठीक आहे ना. मी म्हटलं, जेवतोय.

रविवारी मी साडेदहाला गाडीतळावर असेन. तुम्ही पळा, मी दक्षिण दरवाजाशी थांबतो. लोणी मी आणतो, मुलीच्या घरी पातेलंभर आहे.